मुदत शुक्रवारपर्यंत

पगार शनिवारी.
कूपनची मुदत शुक्रवारपर्यंत.
एवढं सोडलं तर कागद चांगला आहे, गुळगुळीत,
कडेनं तुटक रेघ, रेघेवर कात्रीचं चित्र.

मी ती रेघ टॉवेलाच्या कात्रीनंच कापते.
दिवसभर काठाचे दोरे छाटून
हात असा बसलाय की
एक टिंबसुद्धा बाहेर जात नाही.

डझनाला साडेचार रुपये मजुरी.
कूपनावर सूट साठ.
म्हणजे तेरा डझन टॉवेल,
आणि वर चार.
असा हिशेब मला लगेच जमतो,
पुढचा जमत नाही.

विडी घरकुलातून शेअर रिक्षा
जाताना वीस, येताना वीस.
सूट मिळणार नऊशे नव्व्याण्णवच्या वर,
माझी यादी आठशे चाळीसला संपलेली.
तिथं त्या गार हवेत उभी राहून
एकशे एकोणसाठ रुपयांचं काय लागतं घराला
ते आठवत बसले.
काहीच आठवेना.
शेवटी काडेपेट्यांचा पुडा घेतला चौदाचा
आणि मेयोनीज एकशे पंचेचाळीसचं.

भार्गवीनं ते कडक भाकरीवर फासलं,
वर शेंगाचटणी भुरभुरली,
बोटं चाटत म्हणाली, अजून आण.
आता हे कुठल्या बाजूला मांडू?

खोटं कशाला बोलू,
तूरडाळ खरंच किलोला अठरानं कमी होती,
आणि निवडायला बसले तर
एक खडा नाही.
बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आत घाम वाळलेला.
पैसे घेणारी पोरगी मला मॅडम म्हणाली.
मागचं कधी देणार, असं
कुणीही विचारलं नाही.

मलकप्पा विचारतो.
चार बायकांत विचारतो, वजनकाट्यावरून मान न उचलता,
"चिलवेरी वैनी, मागचं?"
पण माग बंद पडून हे दोन महिने घरी होते
तेव्हा ज्वारी, तेल, साबण
त्याच वहीत चढत गेलं.
तेव्हा नाही विचारलं त्यानं.
डाळीत खडे तेव्हाही होतेच.

म्हणून पिशवी घेऊन मागल्या बोळातून येत होते,
तर हा तिथंच, रिकामे डबे धुवत.
"आज हिकडून कसं ओ?"
पिशवीतून कूपनचं पान डोकावत होतं.
त्यानं हात पुसले, चष्मा चढवला,
सगळं वाचलं, बारीक अक्षरातल्या अटींसकट.
मी शब्द जुळवत उभी.
तो म्हणाला, "ह्या भावात मला ठोकवाला पण देत नाही की.
माझ्यासाठी आणता काय दोन किलो?"

एका घराला दोनच किलो, अशी अट.
मग अंबव्वा दुडमचं कूपन आलं,
शकुंतलाचं आलं, वरच्या मजल्यावरच्या नफिसाचं आलं.
शुक्रवारी सकाळी
त्यानं गल्ल्यातून हजाराच्या नोटा मोजून दिल्या.
वही उघडली. माझं पान काढलं.
तिथं माझ्याकडे त्याचे तेराशे चाळीस.
आता हे पैसे कुठं लिहायचे
म्हणून पेन तसंच धरून बसला बराच वेळ,
शेवटी वरच्या कोपऱ्यात नुसतं "डाळ" लिहिलं.

आठ किलो आणली. रिक्षाभाडं त्यानंच दिलं,
वर भार्गवीच्या हातावर मूठभर शेंगा.

पुढच्या बुधवारी आमची डाळ संपली.
नवं कूपन अजून यायचं होतं.
पाव किलो मागितली, त्यानं तोलली,
पारडं झुकलं तरी वर चार दाणे टाकले.
भाव त्याचाच, जुना.
घरी येऊन ताटात पसरली,
खडे शोधले.
एक नाही.

कूपनची मागची बाजू कोरी असते.
त्यावर मी डझन लिहिते.